पेनल्टी किक आणि ऑफसाइड: रग्बीच्या नियमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात रग्बीकडे वळणारी बहुतेक पोरं फुटबॉल, कबड्डी नाहीतर कुस्तीच्या आखाड्यातून आलेली असतात. टॅकल, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं, त्यांना लवकर जमतो. अडतं ते ऑफसाइडपाशी आणि पेनल्टी मिळाल्यावर पुढे काय करायचं यापाशी. खाली खेळाडू, पीटीचे सर आणि हातात शिट्टी घेऊन उभे राहणारे यांचे नेहमीचे प्रश्न आहेत. उत्तरं वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या, पंधरा खेळाडूंच्या नियमांवर बेतलेली आहेत. सेव्हन्समधले, म्हणजे सात-सात जणांच्या प्रकारातले, फरक शेवटी दिले आहेत.

फुटबॉलचा ऑफसाइड आणि रग्बीचा ऑफसाइड एकच ना?

नाही. बाकीचा बराच गोंधळ या एका समजुतीतून होतो. फुटबॉलमध्ये समोरच्या संघाचा शेवटून दुसरा खेळाडू कुठे आहे ते बघतात. रग्बीत मोकळ्या खेळात समोरच्या संघाचा काही संबंधच नसतो. इथे एवढंच बघायचं: आपल्या संघातल्या कोणाकडे बॉल आहे, किंवा कोणी तो शेवटचा खेळला, आणि आपण त्याच्या पुढे आहोत की मागे. पुढे असाल तर ऑफसाइड. मग तुम्ही स्वतःच्या गोलरेषेजवळ का असेना. फुटबॉलमध्ये आपल्या अर्ध्या मैदानात ऑफसाइड होत नाही, रग्बीत मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यात होतो.

म्हणून 'डिफेन्स लाइन कुठे आहे' हे बघायची फुटबॉलची सवय सोडा आणि बॉल खेळणाऱ्या आपल्या माणसाकडे बघायची सवय लावा.

मी नुस्ता उभा होतो की, मग पेनल्टी कशी?

ऑफसाइड जागी सापडणं हा गुन्हा नाही. एका सामन्यात प्रत्येक जण पन्नासदा तरी ऑफसाइड जागी असतो. दंड होतो तो तिथून खेळात ढवळाढवळ केल्यावर: बॉल खेळलात, बॉलवाल्याला टॅकल केलंत, समोरच्याला हवं तसं खेळू दिलं नाहीत, किंवा बॉलच्या दिशेने पुढे सरकलात.

यातलं शेवटचं खेळाडूंच्या लक्षात राहत नाही. बॉलला हात न लावता चार पावलं पुढे गेलात तरी शिट्टी वाजू शकते. 'हवं तसं खेळू न देणं' यात पासच्या वाटेत उभं राहणंही येतं. समोरच्या फुलबॅकने (सगळ्यात मागे उभ्या खेळाडूने) किक झेलली आणि तुम्ही त्याच्या डाव्या बाजूला ऑफसाइड उभे असल्यामुळे त्याला तिकडे पास देता आला नाही, तर तुम्ही हात खिशात घालून उभे होतात हा बचाव चालत नाही.

आमच्या पोराने किक मारली तेव्हा मी त्याच्या पुढे होतो. आता नेमकं काय करू?

सगळ्यात आधी थांबा आणि मागे वळा. पुढे जायचं नाही. मग पुढच्या तीनपैकी एक गोष्ट घडली की तुम्ही ऑनसाइड: तुम्ही स्वतः मागे येऊन किक मारणाऱ्याच्या किंवा ऑनसाइड असलेल्या सहकाऱ्याच्या मागे गेलात, किक मारणारा धावत तुमच्या पुढे निघून गेला, किंवा किक मारताना त्याच्या मागे असलेला दुसरा कोणी धावत तुम्हाला ओलांडून गेला.

म्हणून किक मारणाऱ्याने मारून जागेवर उभं राहणं हा मोठा दोष आहे. तो पुढे धावला तर वाटेतले सगळे एकेक करून ऑनसाइड होतात, उभा राहिला तर चार-पाच जण अडकून पडतात. सरावात किक मारणाऱ्याला 'मार आणि पळ' एवढंच शिकवा. दहा किका मारून घ्या आणि प्रत्येक किकनंतर त्याला १५ मीटर पळवा. पळताना तो 'ऑनसाइड' म्हणून मोठ्याने ओरडला तर उत्तम, कारण पुढच्यांना मागे डोळे नसतात.

टेन मीटर नियम म्हणजे काय? १० मीटर कुठून मोजायचे?

किक मारणाऱ्यापासून नव्हे. बॉल जिथे पडतो किंवा झेलला जातो तिथून मोजायचे. त्या जागेपासून किक मारणाऱ्या संघाच्या बाजूला १० मीटरवर मैदानाच्या रुंदीभर एक काल्पनिक रेषा धरा. त्या रेषेच्या पुढे जो ऑफसाइड आहे त्याने तात्काळ मागे हटायला लागायचं.

आकड्यांत बघू. किक आपल्या ३० मीटरच्या आसपास मारली आणि बॉल पुढे २५ मीटरवर पडतोय. म्हणजे काल्पनिक रेषा किक मारणाऱ्यापासून १५ मीटर पुढे. तुम्ही २० मीटर पुढे होतात, तर रेषेच्या आत ५ मीटर आहात. लगेच मागे या. वाटेत किक मारणारा किंवा ऑनसाइड सहकारी तुम्हाला ओलांडून गेला तर तिथेच ऑनसाइड व्हाल आणि पुन्हा पुढे जाता येईल. पण त्यासाठी तुम्ही मागे येत असायला हवं. उभं राहून वाट बघणाऱ्याला ही सवलत नाही.

तुमचा दुसरा गडी फक्त ८ मीटर पुढे होता. तो काल्पनिक रेषेच्या मागेच आहे, म्हणून टेन मीटरमध्ये सापडत नाही. तरी तो ऑफसाइड आहेच. कोणी ऑनसाइड करेपर्यंत त्याने पुढे जायचं नाही.

आणखी तीन बारकावे. बॉल समोरच्याच्या हाताला लागून उडाला तरी टेन मीटर नियम सुटत नाही. बॉल पोस्टला किंवा क्रॉसबारला लागून पडला तरी सुटत नाही. मात्र किक समोरच्याने जागेवरच अंगावर घेऊन अडवली, म्हणजे चार्ज-डाउन केली, तर तो लागू होत नाही. एकापेक्षा जास्त जण सापडले तर दंड बॉल पडला त्या जागेच्या सगळ्यात जवळच्याला.

रेफ्रीची खूण: दोन्ही हात डोक्याच्या वर, पंजे उघडे.

समोरचा बॉल घेऊन ५ मीटर पळाला की आपण आपोआप ऑनसाइड होतो, असं शिकवलं होतं.

तेव्हा ते बरोबर होतं. मोकळ्या खेळातल्या किकपुरतं ते १ जुलै २०२४ पासून बंद झालं. आधी किक झेलणारा ५ मीटर पळाला किंवा त्याने पास दिला की टेन मीटरच्या बाहेरचे ऑफसाइड खेळाडू आपोआप मोकळे व्हायचे. त्याचा फायदा घेऊन संघांनी अर्धी टीम मैदानाच्या मध्यावर उभी ठेवायला सुरुवात केली. झेलणारा पळायला भ्यायचा आणि उलट किक मारायचा. दोन्ही बाजूंनी नुसती किकाकिकी चालायची आणि प्रेक्षक जांभया द्यायचे. फ्रान्सच्या आंत्वान द्युपाँच्या चलाख खेळामुळे या पळवाटेला त्याचंच नाव पडलं होतं.

आता ऑफसाइड जागी रेंगाळणंच बेकायदा आहे. मागे येण्याचा प्रयत्न दिसला पाहिजे आणि समोरच्याला जागा मिळाली पाहिजे. जुन्या पुस्तिकेवरून शिकवणाऱ्या सरांनी एवढं पान जरूर बदलून घ्यावं.

ऑफसाइड असताना बॉल चुकून अंगावर आदळला तर?

टाळणं शक्यच नव्हतं असा स्पर्श झाला, बॉलचा किंवा बॉल घेऊन पळणाऱ्या आपल्याच माणसाचा, तर तो अपघाती ऑफसाइड. त्यातून तुमच्या संघाला फायदा झाला नाही तर खेळ चालू. फायदा झाला तर समोरच्याला स्क्रम (दोन्ही संघांचे पुढचे गडी एकमेकांना भिडून ढकलतात आणि मध्ये बॉल टाकतात). पेनल्टी नाही.

कागदावर सोपं वाटतं, मैदानावर हाच निर्णय जगभर गाजलाय. १८ ऑक्टोबर २०१५ ला ट्विकनहॅमवर विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना. स्कॉटलंड ३४-३२ ने पुढे, दोनेक मिनिटं उरलेली. स्कॉटलंडकडून बॉल पुढे गेला आणि त्यांच्याच जॉन वेल्शने पुढे असताना तो घेतला. रेफ्री क्रेग जूबेर यांनी ऑफसाइडची पेनल्टी दिली. बर्नार्ड फोलीने ती मारली आणि ऑस्ट्रेलिया ३५-३४ ने जिंकला. मागून वर्ल्ड रग्बीने जाहीर केलं की मध्ये ऑस्ट्रेलियाच्या निक फिप्सने बॉल खेळला होता, त्यामुळे वेल्श ऑनसाइड झाला होता, आणि योग्य निर्णय आधीच्या नॉक-ऑनसाठी (हातातून बॉल पुढे सांडणं) ऑस्ट्रेलियाला स्क्रम हा होता. समोरचा जाणूनबुजून बॉलला हात घालतो तेव्हा चित्र बदलतं, हे यावरून पक्कं लक्षात राहतं. पण वरचा टेन मीटर नियम याला अपवाद आहे, तिथे समोरच्याच्या स्पर्शाने सुटका नाही.

८ जुलै २०१७ ला ऑकलंडमध्ये याच्या उलट घडलं. न्यूझीलंड आणि ब्रिटिश-आयरिश लायन्स १५-१५ वर. लायन्सच्या केन ओवेन्सच्या हातात ऑफसाइड असताना बॉल आला आणि त्याने चटका बसल्यासारखा सोडून दिला. रेफ्री रोमँ प्वात यांनी आधी पेनल्टी दिली, चित्रफीत पाहून ती अपघाती ऑफसाइड ठरवली आणि स्क्रम दिला. सामना आणि मालिका दोन्ही बरोबरीत सुटल्या. जाणकारांचं यावर आजही एकमत नाही.

आपल्या पोरांना सांगायचं ते साधं आहे. ऑफसाइड असताना बॉल अंगावर आला तर हात वर करा आणि बाजूला व्हा. पकडलात की 'अपघात' म्हणायला फारशी जागा उरत नाही.

रक, स्क्रम, लाइनआउटमध्ये ऑफसाइड रेषा कुठे?

टॅकलनंतर बॉल जमिनीवर असून त्यावर निदान एक जण पायावर उभा राहिला की रेषा तयार. रकमध्ये (बॉल जमिनीवर, त्यावर दोन्हीकडचे उभे गडी भिडलेले) आणि मॉलमध्ये (बॉलवाला उभाच, त्याच्याभोवती दोन्हीकडचे भिडलेले) आपल्या बाजूच्या सगळ्यात मागच्या पायाची रेषा. स्क्रममध्ये, स्क्रममध्ये नसलेल्या बॅक खेळाडूंसाठी, मागच्या पायापासून ५ मीटर मागे. लाइनआउटमध्ये (बॉल बाजूने बाहेर गेल्यावर तो दोन रांगांच्या मध्ये फेकतात) भाग न घेणाऱ्यांसाठी १० मीटर मागे. यातली कुठलीही रेषा आपल्या गोलरेषेच्या मागे जात असेल तर गोलरेषाच ऑफसाइड रेषा.

कबड्डीवाल्यांना रकची रेषा पटकन कळते, कारण रेषेवर पाय आला की काय होतं हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. चूक होते ती घाईची. समोरच्या स्क्रम-हाफने (रकमागून बॉल काढून देणाऱ्याने) बॉल उचलायला हात खाली नेला की आपला गडी सुटतो. बॉल रकमधून बाहेर आल्याशिवाय सुटायचं नाही. नुसता हात लागणं म्हणजे बाहेर येणं नव्हे.

ऑफसाइडसाठी नेहमी पेनल्टीच घ्यायची का?

गुन्हा किकच्या पुढे असलेल्या खेळाडूचा असेल तर तुम्हाला पर्याय असतो: ऑफसाइड झाला तिथे पेनल्टी, किंवा त्या संघाने बॉल शेवटचा खेळला तिथे स्क्रम. रेफ्री एका हाताने पेनल्टी दाखवतो आणि दुसऱ्याने स्क्रमची जागा. बरेच कर्णधार त्या दुसऱ्या हाताकडे बघतच नाहीत.

समजा समोरच्याने त्यांच्या २० मीटरवरून लांब किक मारली आणि ऑफसाइड तुमच्या ३० मीटरवर झाला. तिथली पेनल्टी टचला (बाजूच्या रेषेबाहेर) मारून तुम्ही कदाचित मध्यरेषेपलीकडे जाल. पण स्क्रम घेतलात तर बॉल हातात घेऊन थेट त्यांच्या गोलरेषेपासून २० मीटरवर. तुमचा स्क्रम भक्कम असेल तर विचारही करू नका.

पेनल्टी आणि फ्री किक ओळखायची कशी?

रेफ्रीचा हात सरळ आणि वरच्या बाजूला तिरका असेल तर पेनल्टी. कोपरात काटकोनात दुमडलेला असेल तर फ्री किक. हात सरळ आडवा असेल तर स्क्रम.

फ्री किकवरून गोल (दोन पोस्टच्या मधून, क्रॉसबारच्या वरून बॉल) मारता येत नाही. लगेच ड्रॉप गोलही (बॉल खाली टाकून उसळताना मारलेला गोल) नाही, त्याआधी बॉल डेड झाला, म्हणजे खेळ थांबला पाहिजे किंवा समोरच्याने खेळला पाहिजे, किंवा बॉलवाल्याला टॅकल केलं पाहिजे. टचला मारली तर लाइनआउटचा थ्रो समोरच्याचा. आणि १ जुलै २०२४ पासून फ्री किकऐवजी स्क्रमही मागता येत नाही. टॅप करा (बॉल पायाने हलकेच मारून पुन्हा स्वतःच घ्या) किंवा किक मारा. फ्री किकवर समोरचे, तुमचा गडी मारायला हलला की, अंगावर धावून येऊ शकतात. पेनल्टीवर येऊ शकत नाहीत.

पेनल्टी मिळाली. आमच्यासमोर काय काय वाटा आहेत?

गोलसाठी किक, ३ गुण. टचला किक, जिथे बॉल बाहेर जाईल तिथे लाइनआउट आणि थ्रो तुमचाच. टॅप करून पळणं. मैदानात कुठेही किक. नाहीतर स्क्रम.

कुठली निवडायची हे गुण, वेळ आणि किक मारणाऱ्याचा पल्ला यावर ठरतं. १९ सप्टेंबर २०१५ ला ब्रायटनमध्ये जपान दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २९-३२ ने मागे होता. शेवटच्या क्षणी पेनल्टी मिळाली. गोल मारून बरोबरी साधता आली असती. त्यांनी स्क्रम घेतला, ट्राय केला (बॉल समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवला) आणि ३४-३२ ने जिंकले. आठवडाभराने, २६ सप्टेंबरला, इंग्लंड वेल्सविरुद्ध २५-२८ ने मागे असताना कर्णधार ख्रिस रॉबशॉने गोल सोडून कोपऱ्यात लाइनआउट घेतला. तो फसला आणि इंग्लंड हरलं. म्हणजे धाडस करणाऱ्यांत एकाचा पुतळा होतो आणि दुसऱ्याचा खटला. आमच्या मते शालेय आणि महाविद्यालयीन पातळीवर, स्वतःचा लाइनआउट दहापैकी सात वेळा तरी जिंकत नसाल तर समोरचे ३ गुण सोडू नयेत.

किक नेमकी कुठून मारायची? मार्क कसा ठरतो?

रेफ्री दाखवतो ती जागा म्हणजे मार्क. गुन्हा गोलरेषेपासून ५ मीटरच्या आत झाला असेल तर मार्क ५ मीटरवर येतो. किक मार्कवरून किंवा त्याच्या सरळ मागून, टचरेषेला समांतर रेषेवर कुठूनही मारता येते. बाजूला सरकता येत नाही.

गोल मारणाऱ्यासाठी इथे फायद्याचं गणित आहे. पोस्टमधलं अंतर ५.६ मीटर, क्रॉसबार ३ मीटर उंच. मार्क पोस्टच्या मध्यापासून २० मीटर बाजूला आणि गोलरेषेपासून १० मीटरवर असेल, तर पोस्टची फट साधारण साडेसहा अंशांची दिसते. १० मीटर मागे गेलात तर ती आठ अंशांची होते. किकचं अंतर मात्र सव्वाबावीस मीटरचं सव्वाअठ्ठावीस होतं. त्याच्याही मागे गेलात तर फट पुन्हा लहान व्हायला लागते. लक्षात ठेवायला सोपं: मध्यापासून जितके बाजूला, तितकेच मागे. त्यापलीकडे फक्त अंतर वाढतं.

टॅप बरोबर केला तरी रेफ्रीने परत बोलावलं. का?

बहुधा यापैकी एक. बॉल हातातून सुटलाच नाही, नुसता बुटाला लावला. बॉल हातात असेल तर किकनंतर तो हातातून स्पष्ट सुटला पाहिजे. जमिनीवर असेल तर मार्कवरून स्पष्ट हलला पाहिजे. किंवा टॅप मार्कवरून न करता दोन मीटर बाजूला, जिथे मोकळं दिसलं तिथे केला. किंवा रेफ्रीने मार्क दाखवायच्या आधीच घाई केली. किंवा आपलाच गडी बॉलच्या पुढे होता. बॉल ठेवून धरणारा सोडला तर किक होईपर्यंत सगळ्यांनी बॉलच्या मागे राहायचं. नियमाने याची शिक्षा समोरच्याला स्क्रम.

टॅपसाठी बॉल दोन्ही हातांत, कमरेच्या खाली, आणि पायाच्या पंजाने वीतभर वर उडवून पुन्हा हातात. पावसाळ्यात बॉल निसटतो. ओल्या दिवशी तो जमिनीवर ठेवून पायाने ढकला आणि उचला. अर्धा सेकंद जातो, पण पेनल्टी वाया जात नाही.

समोरच्याला पेनल्टी मिळाली. आम्ही काय करायचं?

पाठ न फिरवता, लगेच, आपल्या गोलरेषेकडे १० मीटर. मोठ्या माणसाची बारा-तेरा पावलं. गोलरेषा त्याआधी आली तर गोलरेषेपर्यंत. सरळ मागे, बाजूला नाही.

त्यांनी झटपट टॅप केला आणि तुम्हाला मागे जायला वेळच मिळाला नाही, तर तेवढ्यासाठी दंड नाही. पण १० मीटर पूर्ण होईपर्यंत, किंवा १० मीटरवर असलेला तुमचा सहकारी तुमच्या पुढे येईपर्यंत, खेळात पडता येत नाही. टॅप करून आलेला थेट तुमच्या अंगावर आला तरी हात घालू नका.

बॉल लांब फेकणं, किक मारणाऱ्याला देताना तो मुद्दाम पायाशी टाकणं, मार्कवर उभं राहून रेफ्रीशी हुज्जत घालणं, या सगळ्याची शिक्षा एकच: नवी पेनल्टी, १० मीटर पुढे. ती नवी असल्याने त्यांना निर्णयही बदलता येतो. मगाशी ४५ मीटरवरून टचला मारणार होते, आता ३५ मीटरवरून गोल मारतील. नवख्या संघांचे फुकटचे गुण सगळ्यात जास्त इथेच जातात. मुद्दाम किंवा पुन्हा पुन्हा केलंत तर पिवळं कार्ड, १० मिनिटं बाहेर.

गोलसाठी मारतो म्हणून सांगितलं आणि मग विचार बदलला, तर चालतं?

नाही. एकदा इरादा कळवला की गोलवरच मारायची. इरादा फक्त रेफ्रीला सांगूनच कळवला जातो असं नाही. मैदानात टी (बॉल उभा ठेवायची बैठक) मागवला, वाळू आणली किंवा टाचेने जमिनीवर खूण केली तरी इरादा कळवल्यासारखंच. म्हणून कर्णधाराचं ठरेपर्यंत बाहेरून कोणी टी घेऊन धावू नये.

तिथून ६० सेकंद. बॉल टीवरून पडला आणि पुन्हा ठेवावा लागला तरी घड्याळ थांबत नाही. वेळ उलटली तर किक रद्द आणि समोरच्याला स्क्रम. समोरच्यांनी १० मीटर मागे, किक मारणारा धावायला लागल्यापासून बॉल मारेपर्यंत हात अंगालगत ठेवून स्तब्ध राहायचं.

आपल्या भागातली मैदानं लक्षात घ्या. लाल मातीवर वर मुरूम असेल तर टेकवायचा पाय सरकतो आणि किक उजव्या पायाची असेल तर बॉल बहुतेक वेळा उजवीकडे जातो. उभं राहायच्या जागेवरचे खडे बुटाने आधी बाजूला करा, साठ सेकंदांत तेवढा वेळ आहे. चिकोडीकडच्या काळ्या मातीत पावसात टी रुततो आणि बॉलची उंची बदलते. तिथे थोडा उंच टी बरा. टी नसेल तर वाळू किंवा लाकडाचा भुसा चालतो. बूट, बाटलीचं झाकण, विटेचा तुकडा चालत नाही.

किक पोस्टला लागून मैदानात परत आली. बॉल डेड का?

नाही. जिवंत आहे आणि सगळ्यात जास्त झोपलेले संघ याच वेळी पकडले जातात. किक मारताना जे बॉलच्या मागे होते ते सगळे ऑनसाइड, ते धावत जाऊन बॉल झेलून ट्राय करू शकतात. किक आखूड पडली तरी तसंच. म्हणून मारणाऱ्या संघाने दोन चपळ गडी बॉलच्या मागे, दोन बाजूंना, धावायच्या तयारीत ठेवावेत. बचाव करणाऱ्यांनी निदान एक जण पोस्टखाली.

हुकलेली किक डेड बॉल रेषेबाहेर (मैदानाच्या अगदी मागच्या रेषेबाहेर) गेली किंवा बचाव करणाऱ्याने इन-गोलमध्ये (गोलरेषेमागच्या पट्ट्यात) टेकवली, तर २२ मीटरवरून ड्रॉप-आउट, म्हणजे बचाव करणारे ड्रॉप किकने खेळ पुन्हा सुरू करतात. इथे गोलरेषेवरचा ड्रॉप-आउट देऊ नका. तो इतर किकांसाठी आहे, गोलच्या प्रयत्नाला नाही. बॉल क्रॉसबारवरून गेला आणि वाऱ्याने परत आला तरी गोल. जुलैच्या वाऱ्यात हे निव्वळ पुस्तकी राहत नाही.

टचला मारताना कोपरा गाठायचा का?

कोपऱ्याच्या अगदी टोकाला नेम धरण्यात अर्थ नाही. लाइनआउट गोलरेषेपासून ५ मीटरच्या आत होतच नाही. म्हणजे शेवटचे ५ मीटर तुम्हाला काही देत नाहीत, पण धोका पूर्ण. बॉल इन-गोलमधून थेट बाहेर गेला तर समोरच्याला २२ चा ड्रॉप-आउट किंवा तुम्ही मारली तिथे स्क्रम. हातातली पेनल्टी गेली. गोलरेषेपासून ७-८ मीटरवर नेम धरा.

टचरेषा जेमतेम ओलांडेल अशी मारू नका. समोरचा आतून उडी मारून बॉल हवेतच मैदानात परत ढकलू शकतो आणि मग खेळ चालू. रेषेपलीकडे निदान ५ मीटर जायला हवा. शिवाय टचसाठी बॉल जमिनीवर ठेवून मारता येत नाही. हातातून पंट (बॉल जमिनीला लागायच्या आधीच मारणं) किंवा ड्रॉप किक.

वेळ संपल्यावर पेनल्टी मिळाली तर?

घेता येते. टॅप न करता थेट टचला मारली तरी लाइनआउट होतो आणि बॉल पुढे डेड होईपर्यंत सामना चालतो. फ्री किक टचला मारलीत तर मात्र तिथेच शिट्टी.

मैदान लहान आहे, रेषाही पूर्ण नाहीत. मोजायचं कसं?

पूर्ण मैदान गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत ९४ ते १०० मीटर आणि रुंदी ६८ ते ७० मीटर. एवढी जागा शाळेच्या पटांगणात क्वचित मिळते. फक्की कमी असेल तर आधी गोलरेषा, मग ५ मीटर, २२ मीटर आणि मध्यरेषा मारा. मध्यरेषेपासून १० मीटरच्या रेषेची जागा दोन शंकू ठेवूनही भागते. ५ मीटरची रेषा मात्र टाळू नका, मार्क आणि लाइनआउट दोन्ही तिच्यावर अवलंबून. टेपऐवजी १० मीटरची गाठ मारलेली सुतळी दोन्ही संघांना सामन्याआधी दाखवून ठेवा. '१० मीटर एवढेच का' ही भांडणं निम्म्याने कमी होतात.

रेफ्री कन्नडमध्ये, इंग्रजीत ओरडतो. नेमकं काय ऐकायचं?

शब्द सगळीकडे तेच आहेत. 'रिटायर' म्हणजे मागे हटा. 'टेन' म्हणजे तुम्ही टेन मीटरमध्ये आहात, हलू नका असं नव्हे तर मागे या. 'ऑन द मार्क' म्हणजे दाखवलेल्या जागेवरूनच. 'हँड्स ऑफ' म्हणजे बॉल सोडा. शंका विचारायची ती कर्णधाराने, बॉल डेड असताना, एका वाक्यात. 'सर, कोणाचा ऑफसाइड?' एवढं पुरतं.

सेव्हन्समध्ये काय वेगळं?

गोलची किक ड्रॉप किकनेच मारायची, टी नाही, आणि वेळ ३० सेकंद. पिवळं कार्ड २ मिनिटांचं. ऑफसाइडचं तत्त्व तेच. पण सात जणांत मागे हटायला अंतर सारखंच आणि माणसं निम्मी, त्यामुळे झटपट टॅपचा फायदा कितीतरी मोठा. सेव्हन्स खेळणाऱ्यांनी पेनल्टीची शिट्टी वाजताच एकाने बॉलकडे आणि एकाने टचरेषेकडे धावायचं, हे आधीच ठरवून ठेवावं. गोल मारायचा विचार सेव्हन्समध्ये सामन्याची शेवटची काही सेकंदं आणि ३ गुणांचा फरक असेल तेव्हाच करा.